सामाईक स्मृती आणि कर्तेपणाचा प्रश्न

संगणकाच्या स्मृतीत एका जागी ४० ही संख्या नोंदलेली आहे. दोन प्रक्रिया एकाच वेळी चालू आहेत आणि दोघींकडे एकच काम सोपविलेले आहे : ती संख्या वाचायची, तीत एक मिळवायचा आणि आलेले उत्तर पुन्हा त्याच जागी लिहायचे. पहिली प्रक्रिया ४० वाचते. तिने उत्तर लिहिण्यापूर्वीच दुसरीही ४० वाचते. पहिली ४१ लिहिते. दुसरीही ४१ लिहिते. वाचण्यात चूक नाही, बेरजेत चूक नाही, लिहिण्यात चूक नाही. तरीही संख्या ४२ व्हावयास हवी होती ती ४१ आहे. एक काम झाले आणि नाहीसे झाले. ते कोणी पुसले या प्रश्नाला उत्तर नाही.

या प्रकाराला संगणकशास्त्रात ‘रेस कंडिशन’ म्हणतात. नाव तसे दिशाभूल करणारे आहे. शर्यतीत हरणाऱ्याला आपण हरलो एवढे तरी कळते; येथे ते कोणालाच कळत नाही, कारण दोन्ही प्रक्रिया आपले काम यशस्वीपणे पार पडल्याचेच सांगतात. शिवाय तीच आज्ञावली पुन्हा चालविली तर बहुधा उत्तर बरोबर येते, कारण दोन प्रक्रियांच्या पावलांची गुंफण दरवेळी निराळी असते. दोष कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून दाखविता येत नाही. तो दोन ओळींच्या मधल्या जागेत असतो, आणि त्या मधल्या जागेचा मजकूर कोणीच लिहिलेला नसतो. संहितेत शब्दशः नसलेला, परंतु संहितेमुळेच संभवणारा अर्थ ही गोष्ट साहित्यसमीक्षेला अपरिचित नाही. किंबहुना गेल्या अर्धशतकात समीक्षेने तिचे उत्साहाने स्वागतच केले आहे. असा अर्थ कृतीच्या क्षेत्रात अवतरला तर काय होते, हा प्रश्न मात्र तिने क्वचितच विचारला.

भारतीय दर्शनांनी कर्मविचाराच्या संदर्भात दोन आपत्तींचा उल्लेख वारंवार केला आहे : कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेले कर्म फळ न देताच नष्ट होणे ही पहिली आपत्ती. न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येणे ही दुसरी. जी विचारप्रणाली या दोन्ही टाळू शकत नाही ती नीतीचा पाया घालू शकत नाही, हा आक्षेप विशेषतः क्षणिकवादी बौद्धांविरुद्ध घेतला गेला. क्षणोक्षणी कर्ता बदलत असेल तर करणारा एक आणि भोगणारा दुसरा असे होईल, असा त्यामागील युक्तिवाद. वरच्या उदाहरणात कर्ते क्षणिक नाहीत; दोन्ही प्रक्रिया आरंभापासून अखेरपर्यंत त्याच आहेत. तरीही कृतनाश घडला आहे. तेव्हा या आपत्तीचे मूळ कर्त्याच्या क्षणिकत्वातच शोधण्याचे कारण नाही. ते स्मृतीच्या मालकीतही असू शकते.

२

स्मृती आणि कर्तेपण यांचा संबंध पाश्चात्त्य विचारात सर्वांत स्पष्टपणे मांडला तो जॉन लॉकने. मानवी आकलनावरील त्याच्या निबंधाच्या १६९४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘तादात्म्य आणि भेद’ या विषयावरचे प्रकरण नव्याने घातले गेले. त्यात ‘व्यक्ती’ ही संकल्पना त्याने मूलतः न्यायव्यवहाराची संकल्पना मानली आहे. ज्या कृत्याचे भान आज मला माझे म्हणून आहे तेवढ्यापुरता मी त्या कृत्याचा धनी, आणि तेवढ्यापुरताच शिक्षेला किंवा बक्षिसाला पात्र. एकाच देहात दिवसा एक जाणीव आणि रात्री दुसरी वावरत असेल, दोघींना परस्परांची गंधवार्ता नसेल, तर ती दोन माणसे मानावीत का, असा विलक्षण प्रश्न तो तेथे उपस्थित करतो. न्यायदर्शनाची वाट निराळी असली तरी ती याच चौकापर्यंत येते. एकाने अनुभवलेले दुसऱ्याला आठवत नाही, हे नैयायिकांचे स्थिर आत्म्याच्या सिद्धीसाठी दिलेले एक प्रमुख प्रमाण आहे. अनुभव आणि स्मरण यांचे अधिष्ठान एकच असले पाहिजे, म्हणून आत्मा मानला पाहिजे.

लॉक आणि नैयायिक या दोघांनीही जी शक्यता विचारात घेण्याजोगी मानली नाही, नेमकी तीच यंत्राने प्रत्यक्षात आणली. एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवते. इतकेच नव्हे, तर एकाला जे आठवत आहे ते त्याच्या नकळत दुसरा बदलतो.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. युनिक्स या प्रणालीत ‘प्रोसेस’ म्हणजे जिला स्वतःची स्मृती आहे अशी प्रक्रिया. ती ‘फोर्क’ या आज्ञेने स्वतःची प्रतिकृती निर्माण करते, तेव्हा जन्मलेल्या प्रक्रियेजवळ जनक प्रक्रियेची सगळी स्मृती असते. परंतु त्या क्षणापासून दोघींचे मार्ग फुटतात, आणि एकीने आपल्या स्मृतीत केलेला बदल दुसरीला दिसत नाही. या विभक्तीची व्यवस्था मोठी सूचक आहे. स्मृतीची पाने लागलीच नकलून दिली जात नाहीत; जोपर्यंत दोघी ती केवळ वाचत असतात तोपर्यंत पान प्रत्यक्षात एकच राहते, आणि कोणी एक जण त्यावर लिहू लागताच त्या पानाची वाटणी होते. वाचन एकत्र नांदू शकते. लेखनाबरोबर घर फुटते. याउलट ‘थ्रेड’ या प्रकारात एकाच स्मृतीत अनेक कर्तृत्वप्रवाह वाहत असतात आणि लेखनानंतरही पान एकच असते. लॉकच्या भाषेत ही एक व्यक्ती की अनेक, हे सांगणे कठीण आहे. मराठीत ‘सामाईक’ हा शब्द मुख्यतः जमीनजुमल्याच्या कागदपत्रांतून परिचित आहे : सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक भिंत. या शब्दामागोमाग बहुधा कज्जाच येतो, हा योगायोग नसावा.

३

एखादी नोंद नाहीशी झाली तर काय बिघडले, असे वाटू शकेल. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा या देशांत थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना मारक प्रमाणात किरणांचा मारा दिला. त्यांपैकी काहींचा त्यात मृत्यू ओढवला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या दुर्घटनांचे जे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले ते तांत्रिक अहवालापेक्षा नीतिशास्त्राचा दस्तऐवज म्हणूनच अधिक वाचनीय आहे.

यंत्र दोन रीतींनी चालत असे. एकीत इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत थेट रुग्णावर सोडला जाई. दुसरीत कितीतरी पट प्रबळ झोत मध्ये ठेवलेल्या धातूच्या लक्ष्यावर आदळून क्ष-किरण निर्माण होत. यंत्राच्या आज्ञावलीत अनेक कामे समांतर चालत आणि काही सामाईक चलांच्या आधारे ती परस्परांशी मेळ राखत. त्या चलांवर कोणाचाही पहारा नव्हता. टेक्सासमधील टायलर येथे मार्च आणि एप्रिल १९८६ मध्ये ज्या दोन दुर्घटना घडल्या त्यांत घटनाक्रम असा : चालकाने चुकून क्ष-किरणांचे अक्षर दाबले, चूक लागलीच ध्यानात आल्याने मागे जाऊन इलेक्ट्रॉनचे अक्षर भरले आणि पुढे चालू केले. यंत्रातील चुंबके जागी बसण्यास सुमारे ८ सेकंद लागत. दुरुस्ती त्या ८ सेकंदांच्या आत पूर्ण झाली, तर चुंबके बसविणाऱ्या कामाला ती समजतच नसे. पडद्यावर दुरुस्त मजकूर दिसे. यंत्राचा काही भाग मात्र जुन्याच मजकुरावर विसंबून राही. पडद्यावर ‘मॅल्फंक्शन ५४’ एवढीच अक्षरे आली. असल्या किरकोळ सूचना रोजच येत आणि त्यांना ओलांडून पुढे जाण्याची चालकांना सवय झालेली होती.

या प्रसंगाचे मर्म त्या ८ सेकंदांत आहे. नवखा चालक सावकाश टंकलेखन करतो. त्याच्या हातून ही दुर्घटना घडलीच नसती. सरावाने हात बसलेला, कामात निष्णात झालेला चालक मात्र दुरुस्ती चटकन करतो. कौशल्य हेच येथे अपघाताचे निमित्त ठरले. पुढे त्या रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने चालकाच्या मदतीने तोच क्रम पुनःपुन्हा करून पाहिला, आणि दोष प्रकट होण्यासाठी वेग आवश्यक आहे हे तेव्हा उघडकीस आले. जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे घडलेल्या दुर्घटनेचे कारण निराळे होते, पण जात तीच. तेथील एक सामाईक चल तपासणीच्या प्रत्येक फेरीत एकाने वाढे आणि २५६व्या वेळी, जागा अपुरी पडल्याने, पुन्हा शून्य होई. शून्य याचा अर्थ दुसरे काम ‘तपासण्याची गरज नाही’ असा लावी. नेमक्या त्याच क्षणी चालकाने कळ दाबली. एकाच चिन्हाचा लिहिणाऱ्याच्या लेखी एक अर्थ आणि वाचणाऱ्याच्या लेखी दुसरा, ही चिन्हमीमांसेत सुखाने चर्चिली जाणारी गोष्ट. तिची किंमत येथे एका देहाने मोजली.

दोष कोणाचा? चालकाने सांगितले तेच केले. प्रत्येक काम स्वतःपुरते निर्दोष होते. हाच दोष आधीच्या थेरॅक-२० या यंत्राच्या आज्ञावलीतही होता असे मागाहून आढळले. परंतु त्या यंत्राला स्वतंत्र यांत्रिक अटकाव असल्याने तेथे केवळ फ्यूज उडत आणि काम थांबे. म्हणजे तोच अविवेक एका ठिकाणी वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहिला आणि दुसऱ्या ठिकाणी प्राणघातक ठरला. लेव्हसन आणि टर्नर यांनी एकच एक दोष शोधून तो दुरुस्त केल्याने प्रश्न मिटतो या समजुतीवरच बोट ठेवले आहे. ते योग्यच आहे. तथापि तेवढ्याने ‘सर्वांचाच दोष’ या सोयीच्या निष्कर्षावर उतरण्याचे कारण नाही. तो निष्कर्ष ‘कोणाचाच दोष नाही’ याचेच सभ्य रूप असते. पहाऱ्यावाचून स्मृती सामाईक ठेवण्याचा एक निर्णय कोणीतरी, कोठेतरी घेतला होता. आणि यांत्रिक अटकाव काढून टाकण्याचा दुसरा. प्रक्रियांचे कर्तेपण अनिश्चित असले तरी त्यांच्या स्मृतीची रचना करणाऱ्याचे कर्तेपण अनिश्चित नसते.

४

पहाऱ्याचा विचार त्यापूर्वीच झालेला होता. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली जेमतेम एका पृष्ठाच्या टिपणात परस्परवर्जनाचा प्रश्न मांडला आणि सोडविला : अनेक प्रक्रियांपैकी एका वेळी एकीलाच विशिष्ट भागात प्रवेश मिळावा. त्याच सुमारास त्याने ‘सेमाफोर’ ही संकल्पना मांडली. शब्द रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेला आहे, आणि कल्पनाही फार दूरची नाही. एकेरी रूळमार्गावर ज्या चालकाच्या हाती टोकन त्याचीच गाडी पुढे जाणार, इतरांनी थांबावयाचे.

कुलूप लावणे म्हणजे प्रतीक्षेची व्यवस्था करणे होय, आणि प्रतीक्षा म्हटली की न्यायाचा प्रश्न आलाच. डाइक्स्ट्राने विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी घातलेला एक प्रश्न पुढे टोनी होअर याने पाच तत्त्वज्ञांच्या भोजनाच्या रूपात मांडला आणि तो त्याच रूपात रूढ झाला. गोल मेजाभोवती पाच तत्त्वज्ञ, दोघांच्या मध्ये एक असे पाच काटे, आणि जेवण्यास प्रत्येकाला दोन काटे लागतात. प्रत्येकाने आधी डावीकडचा काटा उचलावा असा नियम सर्वांना सारखाच लावला आणि सर्वांनी तो एकाच वेळी पाळला, तर प्रत्येकाच्या हाती एकेक काटा राहील आणि पाचही जण उजवीकडच्या काट्याची वाट पाहत उपाशी बसतील. कोणी नियम मोडलेला नाही. उलट सर्वांनी तो तंतोतंत पाळला म्हणूनच ही कोंडी झाली. सर्वांना लागू करता येईल अशाच नियमाने वागावे या कांटच्या आदेशाचा या मेजावर काहीसा विपरीत प्रत्यय येतो.

यावर सोपा उपाय असा की, पाचांपैकी एकाने उजवीकडचा काटा आधी उचलावा. कोंडी फुटते, पण समता भंगते. मग प्रश्न असा उरतो की, सर्वांना अगदी समान ठेवून, कोणाही मध्यस्थाविना, ठरीव नियमांनी ही कोंडी टाळता येईल काय? डॅनियल लेहमन आणि मायकेल राबिन यांनी १९८१ साली याचे नकारार्थी उत्तर सिद्ध केले. पूर्ण समता, मध्यस्थाचा अभाव आणि ठरीव वर्तन ही तिन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. त्यांनी सुचविलेला तोडगा म्हणजे प्रत्येक तत्त्वज्ञाने नाणे उडवून कोणता काटा आधी घ्यावयाचा ते ठरवावे. आपल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी याला मुक्त निवडीचा लाभ म्हटले आहे. नाणेफेकीला मुक्त निवड म्हणावे काय, हा तत्त्वज्ञांच्या भांडणाचा विषय. परंतु सारख्यांत सारखेपण टिकवून वाट काढावयाची तर कोठेतरी अनिश्चिततेला जागा द्यावी लागते, एवढे या सिद्धांताने निःसंदिग्ध केले.

जेथे समताच नाही, उतरंड आहे, तेथे कुलपाचे वर्तन आणखी निराळे असते. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांतच वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदी करणाऱ्या कनिष्ठ दर्जाच्या कामाने सामाईक माहितीमार्गाचे कुलूप घेतले होते. ते सोडण्याआधीच मधल्या दर्जाच्या कामाने त्याला बाजूला सारले, आणि त्या कुलपासाठी थांबलेले सर्वांत वरिष्ठ काम त्यामुळे खोळंबून राहिले. वरिष्ठाचे काम वेळेत होत नाही हे पाहून पहारा ठेवणारी यंत्रणा सगळाच संगणक पुन्हा सुरू करी. उपाय पृथ्वीवरून पाठविण्यात आला : ज्याच्यासाठी वरिष्ठ थांबला आहे अशा कनिष्ठाला, कुलूप त्याच्या हाती असेपर्यंत, त्या वरिष्ठाचाच दर्जा द्यावा. दर्जा व्यक्तीला नसून तिच्यावर कोण अवलंबून आहे त्याला असतो, ही जाणीव या उपायात गर्भित आहे. अर्थात कुलूप सुटताक्षणीच तो दर्जा काढून घेतला जातो, हेही विसरून चालणार नाही.

५

कुलपांच्या या गुंतागुंतीला कंटाळून एक मूलगामी पर्याय पुढे आला : स्मृती सामाईक ठेवूच नये. कार्ल ह्यूइट आणि त्याच्या सहकाऱ्यांची ‘ॲक्टर’ ही कल्पना १९७३ सालची. होअरने परस्परांशी केवळ निरोपांच्या द्वारे बोलणाऱ्या प्रक्रियांची मांडणी १९७८ साली केली. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६पासून घडविलेल्या एर्लांग या भाषेत हे तत्त्व पूर्णत्वाला गेले. तेथे प्रत्येक प्रक्रियेची स्मृती तिची एकटीची. दुसरीला काही हवे असेल तर तिने निरोप धाडावा; उत्तरात नक्कल मिळेल, मूळ नाही. एखादी प्रक्रिया चुकली तर तिला मरू द्यावे. तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रक्रिया तिच्या जागी नवी उभी करील. प्रत्येकीला आपली स्मृती, आपली चूक आणि आपला मृत्यू आहे. कर्तेपण पुन्हा प्रस्थापित झाले असे येथे म्हणता येते.

या व्यवस्थेचे आकर्षण केवळ तांत्रिक नाही. तीत एक नैतिक स्वच्छता आहे, सोवळेपणही आहे. लायब्निट्सच्या खिडक्या नसलेल्या चिदणूंची आठवण येथे होते. परंतु त्या चिदणूंचा परस्परमेळ ईश्वराने आधीच ठरवून दिलेला होता. या प्रक्रियांना तो निरोपांनीच साधावा लागतो, आणि निरोप पोहोचेपर्यंत तो जुना होतो. निरोप जे सांगतो ते सांगण्याच्या क्षणी खरे होते. ऐकण्याच्या क्षणी ते खरे असेलच असे नाही. शिवाय जी गोष्ट स्वभावतःच एक आहे, बँकेतील शिल्लक किंवा गाडीतील शेवटची जागा, ती कोणा तरी एका प्रक्रियेच्या ताब्यात द्यावीच लागते. मग इतर सर्व तिच्या दारात रांग लावतात. सामाईक विहिरीला कुलूप घालण्याऐवजी तिच्यावर एक कारकून बसविला, एवढाच फरक पडतो. आणि दोन कारकून परस्परांच्या उत्तराची वाट पाहत बसले की तत्त्वज्ञांची कोंडी नव्याने अवतरते. सामाईकपण नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी स्वाधीन होते. ‘आम्ही काहीच वाटून घेत नाही’ या दाव्याकडे म्हणूनच थोड्या संशयाने पाहावयास हवे. वाटून घेण्याचे काम मग कोणाकडे गेले, हा प्रश्न त्या दाव्याला लागूनच येतो.

६

अनेक स्मृती आणि एक संहिता हा पेच मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळापासूनच उपस्थित आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. मूळ ग्रंथ पुढे धाडीत हरपला आणि हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करावा लागला. परिणामी पाठ अनेक झाले. लक्षणीय गोष्ट अशी की, महानुभावांनी या अनेक पाठांना दामटून एक केले नाही. अमुक लीळेविषयी अमक्याची ‘वासना’ अशी आहे, अशा नोंदी त्यांनी राखल्या. आठवण सांगणाऱ्याच्या नावासकट टिकली. एकाच्या स्मृतीने दुसऱ्याची स्मृती पुसली नाही. कृतनाश टळला. त्याबदली ‘नेमके काय घडले’ या प्रश्नाचे एकच उत्तर सोडून द्यावे लागले.

एकनाथांनी दुसरी वाट पत्करली. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे तीव्र शब्दांत बजावले. वाचन सर्वांना खुले, लेखन सर्वांना बंद. लेखकच उरला नाही तर लेखकांची टक्करही उरत नाही, हे खरे. अपरिवर्तनीय स्मृती ही संगणकशास्त्रातही सर्वांत निर्धोक मानली जाते. परंतु हे कुलूप यंत्राचे नव्हते. ते श्रद्धेचे होते, आणि ज्यांना ते मान्य होते त्यांच्यापुरतेच बंद होते. या दोन मार्गांपैकी एक उदार आणि दुसरा संकुचित असे लावण्याचा मोह आजच्या समीक्षेला सहज होईल. तो टाळलेला बरा. लीळाचरित्रात संहितेचे प्रयोजन साक्ष हे होते, ज्ञानेश्वरीत अर्थ. आणि साक्षीदार अनेक असणे हे साक्षीला पोषक असते, ते अर्थाला तसेच पोषक असेल असे नाही.

७

महानुभावांच्या वाटेशी मिळतीजुळती व्यवस्था आजच्या अनेक माहितीसंचांत आढळते. तेथे जुनी नोंद पुसून नवी लिहिली जात नाही. प्रत्येक बदलाची नवी आवृत्ती तयार होते, आणि प्रत्येक व्यवहाराला त्याच्या आरंभक्षणीचे एक सुसंगत चित्र दाखविले जाते. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवीत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला अडवीत नाही. एकाच नोंदीवर दोघे लिहू लागले तर दुसऱ्याला परत पाठविले जाते. आरंभीच्या उदाहरणातील कृतनाश येथे संभवत नाही.

आणि तरीही पाठ्यपुस्तकांतून दिले जाणारे एक साधे उदाहरण या व्यवस्थेला हादरा देते. रुग्णालयाचा नियम असा की, रात्रपाळीला निदान एक डॉक्टर हजर असलाच पाहिजे. त्या रात्री दोघे आहेत. दोघांनाही बरे वाटत नाही, आणि दोघेही एकाच क्षणी रजेची नोंद करावयास जातात. पहिल्याच्या व्यवहाराला दिसते की दोघे हजर आहेत, तेव्हा एकाने जाण्यास हरकत नाही. तो आपले नाव काढतो. दुसऱ्यालाही तेच दिसते. तोही आपले नाव काढतो. दोघांनी पाहिलेले चित्र खरे होते. कोणीही दुसऱ्याच्या नोंदीला हात लावला नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःपुरते लिहिले. लिखाणात टक्कर झालीच नाही, म्हणून कोणाला परत पाठविले गेले नाही. पाळीवर आता कोणीही नाही.

हे उदाहरण आरंभीच्या उदाहरणापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे. तेथे निदान एक जागा सामाईक होती, आणि तिच्याकडे बोट दाखविता येत होते. येथे सामाईक अशी कोणतीच नोंद नाही. सामाईक आहे ते कर्तव्य, आणि ते स्मृतीत कोठेच लिहिलेले नाही. ते दोन नोंदींच्या संबंधात आहे. ज्याने त्याने आपापल्या वाट्यापुरते नीट वागावे म्हणजे एकूण नीट होईल, हे उदारमतवादी नीतीचे एक जुने गृहीतक आहे. वरील रात्रीला ते लागू पडत नाही. दुसऱ्याच्या नोंदीवर न लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या निर्णयाशी आपला संबंध नसणे नव्हे. पहिल्याने जे वाचले त्यावर त्याचा निर्णय उभा होता, आणि ते वाचलेलेच दुसऱ्याने खोटे ठरविले.

मायकेल केहिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अशा प्रसंगांवर एक उपाय मांडला. पोस्टग्रेस्क्यूएल या माहितीसंच-प्रणालीने २०११ सालच्या आवृत्तीत तो स्वीकारला. कोणी काय लिहिले एवढ्याचाच नव्हे, तर कोणी काय वाचले याचाही माग तेथे ठेवला जातो. एकाच्या वाचनाला दुसऱ्याच्या लेखनाने धक्का पोहोचतो आहे, आणि असे धक्के विशिष्ट रीतीने साखळून येत आहेत असे दिसले की, त्यांतील एक व्यवहार रद्द करण्यात येतो. सर्व शक्यता पडताळून पाहणे फार खर्चाचे असल्याने ही प्रणाली संशयावरच थांबते; प्रत्यक्षात कोणताही नियम मोडणार नव्हता असेही काही व्यवहार त्यामुळे रद्द होतात. रद्द झालेल्याकडून काही चूक झालेली नसते, आणि पुष्कळदा होणारही नसते. त्याला एवढेच कळविले जाते की, या खेपेस त्याचे काम पार पडू शकले नाही. त्याने ते पुन्हा आरंभापासून करावे. तो पुन्हा हजेरीपट वाचतो, आणि या वेळी तेथे एकच नाव असते : त्याचे स्वतःचे.